तीन दावे आणि एक मंडई

मोतीलाल मारबतेने सरकारवर एक सोडून तीन दावे लावले होते, आणि तिन्ही एकाच सकाळी, एकाच दमात खारीज झाले. तेव्हापासून गावात त्याला जो मान आहे तो दावे जिंकणाऱ्यांच्याही नशिबात नसतो. आजूबाजूच्या गावचे लोक अजून त्याला रस्त्यात अडवून विचारतात, आणि तोही सायकल स्टँडवर लावून पहिल्यापासून सांगायला लागतो. सांगताना तो फार वाढवतो. आपण आहे तेवढंच सांगू, तेही काही कमी नाही.

मोहाडीच्या पुढे तलावाच्या बांधावरून, पाळीवरून, एक वाट आत वळते, तिथे त्याचं गाव. शेतं कुणब्यांची, तलाव ढिवरांचा, आणि भांडणं दोघांत मिळून. मोतीलाल ढिवर. उजाडता उजाडता डोंगा वल्हवत तलावात जायचं, मिळेल ती मासोळी बायकोच्या, म्हणजे सखाबाईच्या टोपलीत घालायची, ती बाजाराला निघाली की जाळं वाळत टाकायचं आणि मग दिवसभर गावाला शहाणपण वाटत हिंडायचं, असा त्याचा नेम. त्याच्या शहाणपणाला गिऱ्हाईकही मिळत असे, कारण मोतीलाल न्यायाधीश होता.

म्हणजे नाटकातला. दिवाळी झाली की पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे नुसती दुकानं नव्हेत. लग्न होऊन गेलेल्या लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे येतात, दिवसा ढोलकीवर दंडारीचा नाच रंगतो आणि अंधार पडला की नाटक. गावच्या नाटकात न्यायाधीशाचं काम मोतीलालकडे कधी आलं ते आता कोणालाच आठवत नाही. आवाज भारदस्त, पोट त्याहून भारदस्त, आणि पाठांतराच्या नावाने शंख. न्यायाधीशाला शेवटच्या अंकात एकदाच बोलायचं असतं, त्यामुळे सगळ्यांचीच सोय झाली. काळा कोट चढवून तो निकाल देऊ लागला की इश्वर ट्रॅक्टरवाला पुढच्या रांगेतून शिटी मारी, बायका डोळे पुसत, आणि खलनायकाच्या हातात बेड्या पडत. न्याय असाच होतो, याबद्दल मोतीलालच्या मनात शंका नव्हती.

ही मंडई भरायची ती आखरावर. आखर म्हणजे पाळीखालची मोकळी जागा. सकाळी गावची गुरं तिथे जमायची, दुपारी ढिवरांची जाळी वाळायची, आणि वर्षातून एकदा मंडई. एका वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर तिथे तारेचं कुंपण उगवलं आणि पाटी लागली, ‘शासकीय जागा. प्रवेश बंद.’ हे काम तालुक्याच्या एका कार्यालयाचं. कशासाठी, ते कोणी सांगेना. कोणी म्हणे गोदाम होणार, कोणी म्हणे बगीचा. इश्वर छातीठोकपणे सांगे की हेलिपॅड होणार आहे. ज्या गावात एस.टी. यायला कंटाळते तिथे हेलिकॉप्टर कोणाला घेऊन येणार, हे मात्र त्यालाही सांगता येत नव्हतं.

त्या वर्षी मंडई झाली नाही. एकोडीला दिलेली मोतीलालची लेक रिंकू सासरच्या गावची मंडई बघून राहिली, आणि फोनवर म्हणाली, “बाबा, इथं सारे इचारून राहिले का तुमच्या गावची मंडई मेली का म्हणून.” मोतीलाल त्या दिवशी जेवला नाही. चिडला की तो दुप्पट जेवत असे, त्यामुळे हे दुःख आहे हे सखाबाईला लगेच कळलं.

दुसऱ्याच दिवशी त्याने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. जुन्या काळापासून प्रत्येक गावाचं एक निस्तार पत्रक असतं. गावातली कोणती जागा कशाच्या वापराची, कोणाचा तिथे हक्क, हे त्यात लिहिलेलं असतं. त्यात आखराबद्दल काय लिहिलंय त्याची नक्कल द्या, एवढंच त्याचं मागणं. उत्तर आलं, ‘सदर माहिती अभिलेखात आढळून येत नाही.’ त्याने पुन्हा अर्ज केला. आता उत्तर आलं, ‘सदर माहिती त्रयस्थ पक्षाची असल्याने देता येत नाही.’

“पहिले नव्हती, आता दुसऱ्याची झाली,” मोतीलाल म्हणाला. “हा तिसरा पक्ष कोन व्हय रिंकूची माय?”

“तलावातला बगळा असन,” सखाबाई म्हणाली. “जेवा तुमी.”

तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं की मागितलेल्या माहितीत कोणतंही जनहित दिसून येत नाही. मग अपील. अपील ऐकणारे साहेब त्याच कार्यालयात, नकार देणाऱ्या बाबूच्या शेजारच्याच टेबलावर. त्यांनी मान वळवून बाबूकडे पाहिलं, बाबूने त्यांच्याकडे पाहिलं, आणि अपील संपलं.

मोतीलालचा भाचा चंद्रकुमार भंडाऱ्याला वकिली करतो. तो मुद्दाम मामाकडे आला आणि कायद्याचं पुस्तक उघडून म्हणाला, “मामा, आता दुसरं अपील नागपूरले माहिती आयोगाकडं टाका. मी लिहून देतो.”

“आयोगात आरोपीचा कठडा असते का?”

“नाई मामा.”

“लोकाईले बसाले जागा?”

“आता तं बरेचदा मोबाईलवरच सुनावणी होते.”

“मंग तो न्याय कोन पायन?” मोतीलाल कडाडला. “म्या केस कोर्टातच लावन. एका नकाराची एक, अश्या तीन.”

“कोर्टाले हे ऐकताच येत नाई! कलम तेवीस हाये ना. माहिती नाकारली त दिवाणी दावा चालत नाई.”

“तू मले कलम नको सांगू. तू चड्डीत होता तईपासून मी न्याय देऊन राहिलो.”

“नाटकात मामा!”

पण मोतीलालच्या दृष्टीने तो फरक किरकोळ होता. त्याने तीन दावे स्वतःच्या हाताने लिहिले, स्वतःच तालुक्याच्या कोर्टात दाखल केले. कोर्टातल्या कारकुनाने डोकं खाजवलं, पण कागद नीट होते, तिकिटं लागलेली होती, म्हणून घेतले.

तारखांवर तारखा पडून वर्ष सरत आलं आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरची तारीख लागली. मंडईच्या ठरलेल्या तिथीच्या फक्त दोन दिवस आधी. आता शहाणा माणूस काय करेल? निकालाची वाट बघेल. मोतीलालने निकालाच्या आधीच सगळ्या सोयऱ्यांना मंडईचं आवतन धाडलं. शहापूरच्या साळ्याला, म्हणजे सखाबाईच्या भावाला, तुमसरच्या आत्याला, आणि एकोडीच्या व्याह्याला तर स्वतः फोन करून, “यंदा सारे या. नाई आले त राग येईन,” असा दमच दिला.

सखाबाईने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “का जी, डोस्क ठिकाणावर हाये का तुमचं? कोर्टानं नाई म्हनलं त या साऱ्याईले कुठं नेऊन बसवान? डोंग्यात?”

“शेवटच्या अंकात कोर्ट नाई म्हनत नसते,” मोतीलाल म्हणाला. पण त्या रात्री तो कूस बदलत राहिला, हे तिने पाहिलं. खरं तर तो घाबरला होता. व्याही दारात येऊन उभा राहील आणि आपण त्याला पाटी दाखवू, ‘प्रवेश बंद’, हेच त्याला सारखं दिसत होतं.

तारखेच्या सकाळी इश्वरने ट्रॅक्टर काढला. न्याय बघणाऱ्यांशिवाय न्याय होत नाही, या मोतीलालच्या सिद्धांतावर गावाचा पूर्ण विश्वास. ट्रॉली खचाखच भरली. बायकांनी बसायला गोणपाटं घेतली, लाखोरीच्या डाळीचे वडे बांधून घेतले, कोणी पाण्याची कॅन घेतली. मोतीलालने नाटकातला काळा कोट घालायचा ठरवलं होतं. चंद्रकुमारने पाया पडून तो काढायला लावला.

कोर्टाची खोली बघून मंडळींची थोडी निराशा झाली. जागा लहान, पडदा नाही. न्यायाधीश मॅडम तिशीतल्या, बारीक आवाजाच्या, आणि टेबलावर हातोडा नव्हता. हातोडा नाही हे मोतीलालला फार लागलं. तरी लोक मिळेल तिथे मावले, उरलेले व्हरांड्यातून खिडक्यांना लटकले. पुकारा झाला तसा मोतीलाल सरळ जाऊन साक्षीदाराच्या कठड्यात उभा राहिला.

“तुम्ही तिथे का गेलात?” मॅडमनी विचारलं.

“इथंच उभे राहतेत ना मॅडम.”

“साक्षीला बोलावलं तर. खाली या.”

तो खाली आला. सरकारी वकील उठले आणि त्यांनी कलम तेवीस वाचलं. अगदी चंद्रकुमारने वाचलं होतं तसंच. शब्द न शब्द तोच. मोतीलालने वळून भाच्याकडे असं पाहिलं की जणू त्यानेच तो कायदा केला.

“मारबते,” मॅडम म्हणाल्या, “या कोर्टाला तुमचे दावे चालवताच येत नाहीत. माहिती नाकारली तर आयोगाकडे जायचं असतं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?”

“सांगतलं ना मॅडम. भाच्यानं सांगतलं.”

“मग?”

“मले पटलं नाई.”

खोली हसली, खिडक्या हसल्या. मॅडमनी पेन तोंडापाशी नेलं. सरकारी वकिलांना मात्र हे रुचलं नाही. लोक मोतीलालच्या बाजूने झुकताना पाहून त्यांना वाटलं, आणखी एक टोला द्यावा. खरं तर गरज नव्हती, जिंकलेच होते. पण समोर भरगच्च प्रेक्षक असले की भल्याभल्यांना एक वाक्य जास्त बोलावंसं वाटतं. ते म्हणाले, “शिवाय वादीचं काही नुकसानच झालेलं नाही. निस्तार पत्रक हा खुला दस्तऐवज आहे. ते कार्यालयात सुस्थितीत ठेवलेलं आहे. कामकाजाच्या वेळेत कोणीही येऊन ते पाहू शकतो. कोणीही!”

मॅडमचं पेन थांबलं. “कोणीही?”

“होय, कोणीही.”

“मग पहिल्या उत्तरात ‘आढळून येत नाही’ असं का कळवलं?”

वकिलांनी मागे बसलेल्या कार्यालयाच्या बाबूकडे पाहिलं. बाबूने पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता, त्याला काही विचारून उपयोग नव्हता.

“मला दावा चालवता येत नाही, म्हणून मी नक्कल द्या असा आदेश देऊ शकत नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण सरकारतर्फे इथे जे सांगितलं गेलं ते नोंदवून ठेवू शकते.” त्यांनी ते नोंदवलं आणि मान वर केली. “तिन्ही दावे खारीज.”

न्यायाधीशाने निकाल दिला की इश्वरच्या तोंडून शिटी आपोआप निघते. ती निघाली. पाठोपाठ टाळ्यांचा कडकडाट.

“टाळ्या कसल्या वाजवता?” मॅडम ओरडल्या. “खारीज झालेत दावे!”

“हाव मॅडम, समजलं,” ट्रॉलीभर माणसं एका सुरात म्हणाली.

“पुन्हा आवाज आला तर सगळ्यांना बाहेर काढीन,” असं म्हणून त्यांनी फाईल तोंडासमोर जरा जास्तच उंच धरली. ती हलत होती.

बाहेर आल्यावर मोतीलाल कडुनिंबाच्या पारावर बसला आणि एकदम म्हातारा दिसायला लागला. टाळ्या संपल्या होत्या. परवा मंडई होती आणि साळा, आत्या, व्याही निघायच्या तयारीत होते. “हरलो रिंकूची माय,” तो म्हणाला. “साऱ्या गावासमोर हरलो.” त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत.

सखाबाई त्याच्याकडे लक्षच देत नव्हती. तिने चंद्रकुमारला गाठलं होतं. “बाबू, तो सरकारी वकील काय म्हनला? कोनीही जाऊन पाहू शकते?”

“हाव मामी.”

“मंग आमी कोनीही हावो का नाई?”

चंद्रकुमार खो खो हसत सुटला. इतका, की त्याला पार धरून खाली बसावं लागलं. “हावो मामी! तुमी सारे कोनीही हावो! आन ते कोर्टात लिहून हाये आता!”

कार्यालय रस्त्याच्या पलीकडेच होतं. ट्रॅक्टर काढायचीही गरज पडली नाही. मिरवणूक निघाली. बाबू कोर्टातून परतून नुकताच डबा उघडून बसला होता. दारात एवढी माणसं बघून त्याचा घास हातातच राहिला.

“अर्ज आहे का?”

“अर्ज नाई. पाहाले आलो,” सखाबाई म्हणाली.

“कोण तुम्ही?”

“कोनीही,” मागून सगळे म्हणाले.

बाबूने उद्या या म्हणून पाहिलं, शिपाई रजेवर आहे म्हणून पाहिलं. पण चंद्रकुमारने कोर्टातलं वाक्य त्याला तोंडपाठ ऐकवलं, आणि तोवर बायकांनी व्हरांड्यात गोणपाटं अंथरून वड्यांच्या पुरचुंड्या सोडल्या होत्या. ही मंडळी खेळ बघितल्याशिवाय उठणार नाहीत हे कोणालाही कळलं असतं. मोठे साहेब बाहेर आले, गर्दी पाहिली, बाबूकडे पाहिलं आणि म्हणाले, “दाखवा यांना काय ते.”

निस्तार पत्रक शोधावं लागलं नाही. ते बाबूच्या पाठीमागच्या कपाटात, पहिल्याच खणात होतं. फक्त अक्षर जुन्या वळणाचं, त्यामुळे वाचायला बाबूच हवा.

“जोरानं वाचा जी, मांगं आयकू येत नाई!” इश्वर ओरडला.

बाबूने घसा साफ केला आणि वाचलं. तलावाच्या पाळीखालील आखर. वापर, गुरे उभी करणे, ढिवरांनी जाळी वाळविणे, व सालाबादप्रमाणे मंडई भरविणे. हक्क, समस्त गावकरी.

मग इश्वरची शिटी आणि त्याच्यामागून “वन्स मोर!” बाबूला पुन्हा वाचावं लागलं. दुसऱ्यांदा त्याने बरं वाचलं. तिसऱ्यांदा तर कोणी सांगायच्या आधीच उभा राहिला, एक हात वर केला, आणि “समस्त गावकरी” अशा काही थाटात म्हणाला की साहेबांनीही टाळी वाजवली आणि मग हा हात कोणाचा आहे अशा नजरेने हाताकडे पाहिलं.

मोतीलाल हसतही होता आणि रडतही होता. ढिवरांनी जाळी वाळविणे! आपण वर्षभर नुसतं विचारत होतो, काय लिहिलंय, काय लिहिलंय. आणि लिहिलेले होतो आपणच. आपला बाप, त्याचा बाप, त्यांची ओली जाळी, सगळं सरकारच्या कपाटात सुस्थितीत बसून होतं आणि सरकार म्हणत होतं, आढळून येत नाही. त्याला इतका आनंद झाला की राग धरायला जागाच उरली नाही. त्याने बाबूला मिठी मारली. बाबूच्या हाताला लोणचं होतं, ते सदऱ्याला लागलं.

साहेब सावरून म्हणाले, “ठीक आहे. आता कुंपण काढण्यासाठी रीतसर अर्ज द्या. आम्ही विचार करू.”

“साहेब,” मोतीलाल डोळे पुसत म्हणाला, “कुंपन घालाले कोनं अर्ज देला होता?”

साहेबांनी बाबूकडे पाहिलं, बाबूने डब्याचं झाकण लावलं.

“परवा मंडई हाये साहेब. सोयरे निघाले घरून. तुमी बी या. पोराबाळाईले घेऊन या.”

साहेब फोन घेऊन कोपऱ्यात गेले. पाठमोरे उभे राहून बराच वेळ बोलले, मधे एकदा दोन्ही खांदे उडवले. परत आले तेव्हा मुद्दाम कडक आवाजात म्हणाले, “तार कापायची नाही. सरकारी आहे. नीट गुंडाळून ठेवायची.”

ती इतकी नीट गुंडाळली गेली की तशी तार त्या कार्यालयाने कधी पाहिली नसेल. दुसऱ्या दिवशी ढिवर आणि कुणबी दोन्ही टोकांनी कामाला लागले आणि मधे भेटले तेव्हा, सवयीप्रमाणे, वेटोळं कोणाचं जास्त गोल यावरून त्यांचं भांडण झालं. खांब उपटून झाल्यावर तेच भांडण दंडारीत कोण नाचणार यावर गेलं, आणि मग गाव पूर्ववत झालं असं मानायला हरकत नव्हती.

मंडईच्या दिवशी आखरावर पाय ठेवायला जागा नव्हती. उकडलेले शिंगाडे, फुगे, बांगड्या, चिवडा, आणि मधोमध दंडारीची ढोलकी. बाबू बायकोमुलांसकट आला होता आणि ओळखीच्या-अनोळखीच्या माणसांना “समस्त गावकरी” म्हणून दाखवत होता. रिंकू पोराला कडेवर घेऊन सगळ्या मैत्रिणींना भेटत सुटली होती. तिला पकडायला तिचा नवरा मागे मागे. मोतीलाल सकाळपासून कोणाला ना कोणाला या या करत पळत होता, कोणाच्या हातात शिंगाडे कोंबत होता. आवाज बसला होता, पाय दुखत होते, आणि तो इतका खूश होता की दंडारीतल्या पोरांत घुसून दोन गिरक्या मारून आला. सखाबाईने पदर तोंडावर घेतला.

दुपारी एकोडीचे व्याही लिलाधर आले. व्याही ते व्याहीच. कोणी बोलावून बसवल्याशिवाय बसायचे नाहीत. गर्दीच्या कडेला उभे राहून त्यांनी मोतीलालला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गालातल्या गालात हसत म्हणाले, “का व्याही, कोर्टात हरले म्हनतेत तुमी?”

“हाव.”

“तिनई?”

“तिनई,” मोतीलाल म्हणाला. त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला, आणि आखराच्या मातीवर अंथरला. “बसा व्याही. जागा आपलीच हाये.”